जाहिरातीचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी बसतो, मग बाजाराला जाहिरात हवीच कशाला?

खर्च ग्राहकाच्या माथी बसतो हे खरं. पण जाहिरात नसेल तर काय माथी बसतं, ते मी घरात पाहिलंय.

आमचं गाव यावल तालुक्यात. उन्हाळ्यात आई ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, करते. ओल्या फडक्यावर थापायच्या, खाटेवर वाळवायच्या. गावात विकणार कुणाला? ज्याच्या त्याच्या डब्यात त्या असतातच. गिऱ्हाईक होतं जळगावच्या फ्लॅटमध्ये, ज्याला ना गच्ची, ना वेळ. त्याला आम्ही ठाऊक नव्हतो, आम्हाला तो. मधला व्यापारी दोघांनाही ओळखायचा, म्हणून भाव त्याचाच. मग आम्ही हजार पत्रकं छापून पेपरात टाकली, भाव मोठ्या अक्षरात. आठवड्याभरात फोन सुरू झाले. छपाई भावात धरूनही गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं आणि आईच्या हाती जास्त पैसे आले.

अमेरिकेत काही राज्यांत चष्म्याच्या जाहिरातींवर बंदी होती, काहींत नव्हती. ली बेनहॅम या अर्थतज्ज्ञाने १९७२ साली दोन्हीकडच्या किमती ताडून पाहिल्या. चष्मे महाग निघाले ते बंदी होती तिथेच.

पण सगळा माल बिबडीसारखा नसतो. बिबडी खवट निघाली तर पुन्हा फोन येत नाही, पत्रकं कितीही वाटा. कपाशीच्या बियाण्याचं तसं नाही. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याकडेच्या भिंती वाणांच्या नावांनी रंगतात, बोंडांनी लगडलेलं झाड काढतात. तसंच एक चित्र पाहून वडिलांनी चार एकरांत एक वाण लावलं. झाडं डोक्याएवढी वाढली, बोंडं मोजकीच. हे कळेपर्यंत दिवाळी आली. दुकानदार म्हणाला, पाऊसच नव्हता. वाण खोटं की आभाळ, हे एकटा शेतकरी कसं सिद्ध करणार? इथे खोटं बोलणाऱ्याला बाजार शिक्षा करत नाही, कायद्यालाच करावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलंय.

आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही, कारण वडिलांनी पाकिटं बांधावरच जाळली होती. आता पावती, रिकामं पाकीट, मूठभर बियाणं आणि भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटो, कापूस घरात येईपर्यंत आम्ही सगळं जपून ठेवतो.