घरच्या घरी वापरायची ब्यूटी उपकरणं घ्यावीत का?

तुम्ही विचारलंय, की हल्ली जो तो एलईडी मास्क, आयपीएल मशीन (प्रकाशाच्या झोतांनी नको असलेले केस कमी करणारं), लेझरचा कंगवा घेतोय, तर आपणही घ्यावं का आणि घ्यायचं तर कोणतं.

मी दीड वर्ष पायांवर आयपीएल वापरतेय. झोत पडला की केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला काळेपणा देणारं रंगद्रव्य, प्रकाश शोषतं, केस तापतो आणि मुळाला चटका बसतो. म्हणून केस काळा हवा आणि त्वचा त्याहून बरीच उजळ. माझ्या पोटऱ्यांवर ३ महिन्यांत फरक दिसला. गुडघ्यांवर मात्र त्वचा काळसर आहे, तिथे मशीनचा सेन्सर झोत सोडतच नाही. त्याला चकवायच्या फंदात पडू नका, गडद त्वचाही तोच प्रकाश शोषते आणि भाजते. आधी रेझर फिरवायचा, वॅक्सिंग नाही. मूळच उपटलं तर चटका बसणार कशाला? एकदा घाईत रेझर न फिरवताच बसले, तर जळक्या केसांचा वास आला आणि पायावर लाल ठिपके उठले.

माझ्या मावशीने हनुवटीवरच्या पांढऱ्या केसांसाठी ४ महिने नेमाने हेच केलं. एक केस कमी झाला नाही. होणारही नव्हता, पांढऱ्या केसात मेलॅनिन असतं कुठे! विकणाऱ्याने तिला एवढं सांगायला हवं होतं. मला अजून राग येतो.

लेझर कंगव्याला अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २००७ मध्ये पुरुषांच्या आनुवंशिक केसगळतीसाठी परवानगी दिली. केस विरळ होत असतील तर थोडा उपयोग होतो, गुळगुळीत टक्कलावर नाही. आठवड्यातून तीनदा, निदान ६ महिने करावं लागतं, आणि थांबलात की परिणामही ओसरतो.

एलईडी मास्कमधला निळा प्रकाश मुरुमांच्या जिवाणूंवर काम करतो, लाल प्रकाश बारीक सुरकुत्यांवर. फरक पडतो, पण सौम्य. चेहऱ्यावर वांग असतील तर कुठलंही प्रकाशाचं मशीन लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, वांग आणखी गडद होऊ शकतात.

तुम्हाला नेमकं काय कमी करायचंय ते लिहिलेलं नाही. नको असलेले केस असतील, ते काळे असतील आणि त्वचा उजळ ते गव्हाळ असेल, तर मी आयपीएलच घ्या म्हणेन. आधी बोटभर जागेवर सगळ्यात कमी तीव्रतेने एक झोत द्या आणि पूर्ण एक दिवस थांबून बघा.