‘टिश्यू ॲडहेसिव्ह’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: मुलाच्या कपाळाला खोक पडली. डॉक्टरांनी टाके न घालता ती बंद केली आणि कागदावर ‘टिश्यू ॲडहेसिव्ह लावले’ असे लिहून दिले. घरच्या मोठ्यांना हे मराठीत कसे सांगावे? ‘ऊतक-आसंजक’ हा शब्द चालेल का? टाके ‘घालतात’, मग याचे काय ‘करतात’?

बोलताना ‘जखम गोंदाने चिकटवली’ म्हणावे आणि लेखी मजकुरात ‘त्वचा-गोंद’ लिहावे, असे माझे मत आहे. ‘ऊतक-आसंजक’ टाळावा. शाळेच्या पुस्तकांत ‘टिश्यू’ला ‘ऊती’ आहे, केळीच्या बागायतदारालाही ‘ऊतीसंवर्धित रोपे’ माहीत आहेत. मग ‘ऊतक’ कशाला? ‘आसंजक’ची अडचण त्याहून मोठी. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटून बसतात, त्या त्रासालाही वैद्यकीय मराठीत ‘आसंजन’च म्हणावे लागते. एकाच कागदावर उपचार आणि उपद्रव एकाच धातूतून आले, तर वाचणारा गोंधळणारच.

शिवाय कपाळावरच्या खोकेसाठी ‘ऊती’ हा शब्दच थोडा दिशाभूल करतो. हा गोंद आतल्या ऊतींना लावायचा नसतो. जखमेच्या दोन्ही कडा बोटांनी किंवा चिमट्याने नेमक्या जुळवून धरतात आणि वरून, धड कातडीवर, गोंदाचा पातळ थर देतात. थर कडांच्या दोन्ही बाजूंना अर्धा ते एक सेंटिमीटर पसरलेला असावा लागतो, कारण पकड त्या धड कातडीवरच असते. गोंद फटीत उतरला तर कडा एकमेकींना भेटतच नाहीत, शरीर त्याला परकी वस्तू मानते आणि जखम भरायची थांबते. म्हणून ‘जखमेत गोंद भरला’ हे वाक्य चुकीचे आहे. गोंद जखमे‘वर’ लावतात. या शब्दचर्चेत सगळ्यात जपायची गोष्ट हा ‘वर’ आहे.

आता नाम. मराठीत चिकटवणाऱ्या पदार्थांना शब्दांची वाण नाही. खळ पिठाची, डिंक झाडाचा, सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. पण हे तिन्ही पाणी उडून गेले की वाळतात आणि मग धरतात. कातडीवरचा गोंद याच्या नेमका उलट वागतो. तो सायनोॲक्रिलेट जातीचा असतो. नळीत असेपर्यंत पातळ, आणि कातडीवरचा किंचितसा ओलावा मिळाला की त्याचे रेणू साखळीने जुळून कडक पापुद्रा तयार होतो. तेव्हा तो ‘वाळला’ म्हणण्यापेक्षा ‘घट्ट झाला’ किंवा ‘धरला’ म्हणणे अचूक. ओलाव्यावरच धरत असल्यामुळे जखम आधी टिपून कोरडी करतात आणि रक्त पूर्ण थांबवतात. ओल जास्त असली तर गोंद भसकन घट्ट होतो, चटका बसतो आणि पापुद्रा कच्चा राहतो. जाड थेंब एकदम टाकला तरी तेच. म्हणून तीन-चार पातळ थर, दोन थरांमध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत, आणि शेवटच्या थरानंतरही कडा मिनिटभर तशाच धरून ठेवणे, अशी रीत आहे.

या सगळ्यात ‘गोंद’ हा शब्द सर्वांत मोकळा वाटतो. तो झाडाच्या चिकापुरता बांधलेला राहिलेला नाही, तोंडात रुळलेला आहे, आणि दवाखान्यात सगळे ज्याला ‘ग्लू’ म्हणतात त्याच्या जागी सहज बसतो. मात्र त्याचे क्रियापद करता येत नाही. ‘गोंदणे’ मराठीत आधीच आहे आणि त्याचा अर्थ सुईने कातडीत रंग भरणे. ‘जखम गोंदली’ असे कुणी म्हटले तर ऐकणारा दचकेल. म्हणून गोंद लावणे आणि जखम चिकटवणे, ही दोनच क्रियापदे ठेवावीत.

‘फेविक्विक लावलं’ असेही सर्रास ऐकू येते. घराणे एकच, हे खरे. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना सायनोॲक्रिलेट हाती लागले. दिसेल त्याला चिकटते म्हणून तेव्हा ते बाजूला टाकले गेले आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आले. पण घरगुती नळीतला प्रकार एथिल असतो. त्याची रेण्वीय शेपटी आखूड, त्यामुळे तो शरीरात लवकर विघटतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटून पेशी दुखावतात. दवाखान्यातला ब्यूटिल किंवा ऑक्टिल असतो. शेपटी लांब, विघटन संथ, आणि नळी निर्जंतुक. अमेरिकेत ऑक्टिल प्रकाराला कातडीसाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा बोलीतसुद्धा ‘फेविक्विक’ म्हणू नये. ऐकणारा उद्या घरातली नळी उघडून स्वतःच्या जखमेवर पिळेल.

‘बिनटाक्याचं’ हा शब्दही इथे पुरेसा नाही. बिनटाका नसबंदीत छेदच इतका बारीक असतो की टाक्याची गरज पडत नाही, आणि बिनटाक्याच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेत छेदाची रचनाच अशी असते की तो आपोआप मिटतो. दोन्हींत गोंद असायलाच हवा असे नाही. उलट, गोंद लावला म्हणजे टाके नाहीतच असेही नाही. जखम खोल असेल तर आत विरघळणारे टाके घालून ताण काढून घेतात आणि वरच्या कातडीला गोंद लावतात. ऑक्टिल गोंदाची ताकद साधारण फाइव्ह-झीरो या बारीक धाग्याइतकी धरतात. त्याहून जाड धाग्याचे काम त्याच्याकडून होत नाही. गुडघा, कोपर, तळहात, तळपाय इथे तो टिकत नाही. कुत्रा चावल्याची किंवा पिकलेली जखम, ओठाचा लाल भाग, तोंडाच्या आतली बाजू इथे लावत नाहीत.

‘ऊती-गोंद’ हा शब्द मात्र राखून ठेवावा, कारण खरोखर आतल्या ऊतींना लावायचा गोंदही आहे. फायब्रिन गोंदात रक्त गोठवणारी फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही दोन प्रथिने ऐन वेळी एकत्र येतात. डोळ्यावर वाढलेला पडदा काढल्यावर तिथे बसवलेला पातळ तुकडा बिनटाक्याने धरून ठेवायला तो वापरतात. प्रथिनाचा असल्यामुळे जातीने तो सरसाच्या जवळचा.

बरे होण्याची भाषाही बदलते. टाके उसवतात, गोंद सुटतो आणि जखम फाकते. टाके काढतात, गोंद काढत नाहीत, पाच ते दहा दिवसांत त्याचा पापुद्रा आपोआप निघतो. त्याला ‘खपली’ म्हणू नये. खपली रक्ताची असते, आणि घरातले कुणीतरी ती मऊ करायला तेल लावायला धावते. इथे तेच घातक, कारण तेलकट मलमाने पापुद्रा सैल होतो.

घरी द्यायची सूचना मी अशी लिहीन:

‘कपाळाची जखम गोंदाने चिकटवली आहे. तेल, तूप, हळद, व्हॅसलीन, मलम काही लावू नका. वरून पाणी गेले तर चालेल. चोळू नका, अलगद टिपून घ्या. पोहणे, टबात डुंबणे नको. पापुद्रा सोलू नका. कडा फाकल्या, लाली वाढली किंवा पू आला तर लगेच दाखवा. गोंद ओघळून पापण्या चिकटल्या असतील तर ओढू नका, दवाखान्यात या. डोळ्याचे मलम लावून त्या हळूहळू सुटतात.’