हायब्रिड सेडान: दहा वर्षांचा हिशेब आणि बॅटरीची धास्ती

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कुटुंबासाठी सेडान घेण्याचा विचार आहे आणि ती किमान दहा वर्षे वापरायची आहे. वर्षाकाठी आमचे साधारण १२,००० किलोमीटर फिरणे होते, त्यातले बहुतेक शहरातच. हायब्रिड गाडीला पेट्रोल कमी लागते हे मान्य. परंतु कार्यालयातील सहकारी सांगतात की सात-आठ वर्षांनी तिची बॅटरी जाते आणि तोवर वाचवलेले सगळे पैसे त्या एका फटक्यात निघून जातात. यात तथ्य किती?

उत्तर: आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक हिशेबाचा आणि दुसरा भरवशाचा, आणि ते वेगवेगळे सोडवले तरच निर्णय नीट होतो. आधी हिशेब पाहू.

हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार आणि मोठी बॅटरी असलेली गाडी) आणि तिच्या जोडीच्या साध्या पेट्रोल गाडीच्या किमतीत जो फरक असतो, तो लिटरमध्ये मोजावा अशी माझी सूचना आहे. म्हणजे त्या रकमेत आजच्या दराने किती लिटर पेट्रोल येईल, ते काढावे. हा फरक समजा २,००० लिटरइतका आला. शहराच्या गर्दीत साधी सेडान लिटरला १५ किलोमीटर आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते असे धरले, तर १२,००० किलोमीटरला अनुक्रमे ८०० आणि सुमारे ५४५ लिटर पेट्रोल लागेल. वर्षाला २५५ लिटर वाचले, तर जादा मोजलेली किंमत आठ वर्षांच्या आत वसूल होते. हेच १२,००० किलोमीटर मोकळ्या महामार्गावर झाले आणि साध्या गाडीने १८ व हायब्रिडने २१ किलोमीटर दिले, तर वर्षाची बचत जेमतेम ९५ लिटरवर येते आणि वसुलीला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो. याचे कारण सरळ आहे. हायब्रिडची मुख्य कमाई ब्रेक लावताना होते: एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि पुन्हा वेग घेताना वापरते. शिवाय सिग्नलला आणि रांगेत सरकताना तिचे इंजिन बंद राहते. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे साठवायला फारसे काही उरत नाही.

वरचे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. जाहिरातीतील अ‍ॅव्हरेज यासाठी उपयोगाचे नाही. सध्याच्या गाडीची टाकी काठोकाठ भरून, नेहमीसारखी चालवून, पुन्हा काठोकाठ भरून खरे अ‍ॅव्हरेज काढावे, आणि हायब्रिडचे अ‍ॅव्हरेज आपल्यासारख्याच रस्त्यांवर ती चालवणाऱ्या एखाद्या मालकाकडून विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट हिशेबात हमखास सुटते. हायब्रिड यंत्रणा पुष्कळदा सर्वांत महागड्या मॉडेलमध्येच मिळते, त्यामुळे किमतीतील फरकात चामड्याची आसने, मोठा पडदा आणि जादा एअरबॅग यांचेही पैसे मिसळलेले असतात. या सोयी आपण एरवीही घेतल्या असत्या, तर त्यांची किंमत हायब्रिडच्या नावावर टाकणे योग्य नाही. आणि त्या नकोच असतील, तर मात्र पूर्ण फरक धरायला हवा.

आता भरवशाचा प्रश्न. हायब्रिड म्हणजे दोन यंत्रणा, म्हणून बिघाडही दुप्पट, असा समज सर्वत्र आढळतो. पूर्ण हायब्रिड, म्हणजे काही वेळ केवळ मोटारीवरही धावू शकणाऱ्या, गाडीत काय काय नाही, याकडे पाहिले की हा समज बराच निवळतो. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणलेल्या प्रियसपासून जी रचना रूढ झाली, तिच्यात इंजिन सुरू करणारा वेगळा स्टार्टर नाही, वीज तयार करणारा अल्टरनेटर नाही, क्लच नाही आणि पायरीपायरीने बदलणारे गिअरही नाहीत. दोन विद्युत मोटारी आणि इंजिन एका ग्रहमालिका गिअरने (मधल्या चक्राभोवती छोटी चक्रे फिरणाऱ्या गिअरसंचाने) कायमचे जोडलेले असतात आणि त्यातील एका मोटारीचा वेग कमीजास्त करून गाडीचा वेग साधला जातो. साध्या स्वयंचलित गाडीत जे भाग झिजून खर्चात पाडतात, त्यांतले अनेक येथे मुळातच नाहीत. पुढच्या पिढ्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर गेला, पाण्याचा पंपही विजेवर गेला आणि इंजिनाच्या बाहेरच्या पट्ट्याची गरजच उरली नाही. होंडाच्या अलीकडच्या हायब्रिडमध्ये इंजिन बहुतेक वेळ केवळ जनित्र फिरवते आणि महामार्गाच्या वेगाला एका क्लचने थेट चाकांशी जोडले जाते. ह्युंदाईच्या सोनाटा हायब्रिडसारख्या गाड्यांत मोटार इंजिन आणि सहा गिअरच्या नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेली असते, म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच दोन्ही कायम राहतात. तेव्हा ‘हायब्रिड’ या एका शब्दावर भरवशाचा निकाल देता येत नाही; आत कोणती रचना आहे, हे विक्रेत्याला विचारावे आणि स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे. ज्या गाडीत छोटी मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते, त्या ‘माइल्ड’ प्रकाराची बचत फारच थोडी असते. वरचा हिशेब तिला लागू करू नये.

राहिली बॅटरी. फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, म्हणून गाडीचीही तशीच थकेल असे लोकांना वाटते, पण या दोघींच्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. फोन आपण शंभरावरून शून्याकडे नेतो. हायब्रिडचा संगणक मात्र बॅटरी साधारणपणे ४० ते ८० टक्क्यांच्या आतच खेळवतो, तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी रिकामी होऊ देत नाही. आयुष्य लांबते ते या संयमामुळे. उत्पादकांनाही तिचा भरवसा वाटतो हे हमीवरून दिसते. अमेरिकेत टोयोटा पूर्वी हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांची हमी देत असे. २०२० च्या मॉडेलपासून ती १० वर्षे किंवा १,५०,००० मैल, म्हणजे सुमारे २,४०,००० किलोमीटर झाली. अटी देशागणिक वेगळ्या असतात, म्हणून आपल्या गाडीचे हमीपत्र स्वतः वाचावे आणि हमी टिकवण्यासाठी ठरावीक काळाने बॅटरीची तपासणी करून घेण्याची अट आहे का, हे आवर्जून पाहावे.

आपण दहा वर्षे गाडी ठेवणार आहात. या काळात बॅटरी बदलावी लागणारच नाही, असे मी लिहून देऊ शकत नाही; पण जी बॅटरी सात-आठ वर्षांत हटकून जाते म्हणून सहकारी सांगतात, तिचे जाणे अटळ मानून बेत आखणे चूक ठरेल. हिशेबात ती धरायचीच असेल, तर बॅटरीची आजची किंमत लिटरमध्ये काढून बारा-पंधरा वर्षांवर विभागावी आणि वर्षाच्या बचतीतून वजा करावी. आपल्या शहरी वापरात त्यानंतरही बचत शिल्लक राहते का, ते मग आपल्यालाच दिसेल. माझे मत विचाराल, तर इतका शहरी वापर आणि दहा वर्षांचा बेत असताना पूर्ण हायब्रिड घेणे शहाणपणाचे आहे. पाच वर्षांत गाडी विकायची असती, तर मी इतक्या ठामपणे हे म्हटले नसते.

बॅटरीच्या आयुष्याचा खरा शत्रू उष्णता आहे, आणि येथे मालकाच्या हातात बरेच काही असते. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या आसनाखाली किंवा आसनामागे असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा प्रवासी बसतात त्या जागेतलीच हवा ओढतो. ही हवा आसनाच्या कडेला असलेल्या एका छोट्या जाळीतून आत जाते. पिशवी, शाल, मुलांचे दप्तर, काहीही त्या जाळीला टेकले की बॅटरी घुसमटते. जाळीमागचा फिल्टर दोन-तीन वर्षे कोणी पाहिला नसेल, तर त्यावर धूळ, कापडाचे तंतू आणि केस यांचा नमद्यासारखा जाड थर बसलेला आढळतो. घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर हा थर त्याहूनही लवकर साचतो. फिल्टर साफ करणे दहा मिनिटांचे काम आहे, पण पुष्कळ ठिकाणी ते नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये आपोआप होत नाही, सांगून करून घ्यावे लागते. बॅटरीचा खर्च दहा वर्षांपलीकडे ढकलणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

ब्रेकच्या बाबतीत हायब्रिड मालकाची बाजू घेते. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटार करते, त्यामुळे ब्रेक पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त काळ टिकतात. मात्र कमी वापरामुळे डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात, म्हणून पॅड शाबूत असले तरी दरवर्षी चाके काढून पिना साफ करून ग्रीस लावणे आवश्यक आहे. ब्रेक ऑइलही वेळापत्रकाप्रमाणे बदलावे, कारण हायब्रिडमधील ब्रेकची विद्युत यंत्रणा महाग असते आणि जुन्या ऑइलातील ओलाव्याने तिचे नुकसान होते.

प्रश्न: आठ वर्षे जुनी हायब्रिड सेडान स्वस्तात मिळते आहे. मालक म्हणतात, गेल्या वर्षी बॅटरीचा बिघडलेला एक भाग बदलला आहे आणि आता काही चिंता नाही. विश्वास ठेवावा का?

उत्तर: मालक खरे बोलत असतील, पण त्यांच्या सांगण्यातूनच चिंतेचे कारण मिळते. उदाहरण म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. तिच्यात ७.२ व्होल्टचे २८ संच एकामागोमाग जोडलेले असतात आणि सर्वांचे मिळून २०१.६ व्होल्ट होतात. सगळे संच एकाच वयाचे आणि एकाच उष्णतेत वाढलेले असल्याने एक गेला, म्हणजे बाकीचेही फार मागे नसतात. त्यांच्यात एक नवा संच बसवला, की त्याची क्षमता इतरांशी जुळत नाही आणि काही महिन्यांत दुसरा कोणी तरी मान टाकतो. अशी दुरुस्ती गाडी विकण्यापुरती पुरते. म्हणून संपूर्ण नवी बॅटरी बसवण्याचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवावा, आणि तरीही गाडी स्वस्त वाटत असेल तरच पुढे जावे.

खरेदीपूर्वी हायब्रिड वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडून बॅटरीच्या संचांचा व्होल्टेज पाहून घ्यावा, तोही गाडी चढावर दामटताना आणि उतारावर ब्रेक लावताना, कारण उभ्या गाडीत दुबळा संचही चांगला दिसतो. पी०ए८० हा बिघाडाचा कोड गाडीच्या संगणकात साठवलेला आढळला, तर बॅटरी उतरणीला लागली आहे असे समजावे. बॅटरीच्याच भीतीत अडकून इंजिनाकडे दुर्लक्ष होते, तेही टाळावे. २००९ ते २०१५ या काळातील तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा काजळीने तुंबणे आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) जाणे हा दोष मेकॅनिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सकाळी थंड इंजिन सुरू होताना गाडी थरथरत असेल, किंवा कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. इन्व्हर्टरचे (बॅटरीची वीज मोटारीला चालेल अशी करून देणाऱ्या भागाचे) कूलंट बहुधा वेगळ्या टाकीत असते, त्याची पातळी आणि रंग पाहावा. ते कूलंट कधी बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात आहे का, हेही विचारावे. गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगितले जाते, तरी लाखभर किलोमीटरनंतर ते बदललेले असेल, तर आधीचा मालक काळजी घेणारा होता असे मी मानतो.

प्रश्न: माझी हायब्रिड कधी कधी तीन-तीन आठवडे उभी असते. मध्यंतरी ती सुरूच झाली नाही. मोठी बॅटरी गेली असेल का?

उत्तर: बहुधा नाही. मोठ्या बॅटरीखेरीज प्रत्येक हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. संगणक जागा करणे आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) चालू करणे हे काम ती करते. ती उतरली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. अनेक गाड्यांत ती बोनेटखाली नसून डिकीत असते, म्हणून मदतीला आलेला माणूसही गोंधळतो. आधी तिचीच तपासणी करून घ्यावी आणि चार-पाच वर्षांची झाली असेल तर बदलून टाकावी. नवी घेताना त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या प्रकारचीच घ्यावी, कारण प्रवाशांच्या जागेत किंवा डिकीत बसणाऱ्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी लागते. पुढे आठवड्यातून एकदा तरी गाडी ‘रेडी’ (चालवण्यास सज्ज) अवस्थेत अर्धा तास ठेवावी किंवा, त्याहून चांगले, फिरवून आणावी. नुसते दिवे लागेपर्यंत बटण दाबून ठेवले, तर छोटी बॅटरी भरण्याऐवजी आणखी उतरते.