वॉचमनने चिकटवलेला कागद

अगं, तू पाठवलेला डिझाइनच्या कामांचा पोर्टफोलिओ बघितला. फॉन्ट, रंग, ग्रिड सगळं झकास, त्यावर मला बोलायचंच नाहीये. एकच सांग, यातलं एक तरी काम जिथे लागणार तिथे जाऊन तू उभी राहिलीस का?

मी नव्हतो राहिलो. पहिलं मोठं काम मिळालं ते एका हॉस्पिटलच्या पाट्यांचं, आणि मी हौसेने 'बाह्यरुग्ण विभाग' असं बारीक सुरेख अक्षरात राखाडीवर पांढरं करून दिलं. महिन्याने सहज गेलो तर पाटीखाली वहीचं पान चिकटवलेलं, लाल स्केचपेनने 'ओपीडी ईकडे' आणि हा एवढा मोठा बाण. वॉचमनचं काम, दिवसभर तेच तेच सांगून वैतागला होता बिचारा. 'ई' चुकलेली, पण माणूस एकही चुकत नव्हता! आधी राग आला, मग तिथेच बाकावर तासभर बसलो तेव्हा कळलं की येणारा काही वाचायला येत नाही गं, एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने म्हातारीला धरलेलं, तो फक्त ओळखीचा शब्द शोधत असतो.

मुंबईत सेंट्रल लाइनच्या लोकलचे फलाटावरचे इंडिकेटर बघ. कर्जतला 'एस', कसाऱ्याला 'एन', का तर कल्याणपुढे एक फाटा साउथ-ईस्टचा, दुसरा नॉर्थ-ईस्टचा. रेल्वेवाल्यांच्या सोयीचं आहे ते, आणि त्यात स्लो गाडीलाही 'एस'च. रोजच्यांना पाठ असतं, नवखा मात्र शेजारच्याला विचारतो, "ही कर्जत ना हो?" हा प्रश्न म्हणजे वॉचमनचा कागदच, फक्त चिकटवलेला नाही.

कधीकधी असा कागद वरपर्यंत पोचतोसुद्धा. खाण्याच्या पाकिटावर व्हेजला हिरवा ठिपका, नॉनव्हेजला तपकिरी, आता ज्याला हे दोन रंग सारखेच दिसतात त्याने काय करायचं? २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. एवढुसा बदल, पण माझ्या मते कित्येक चकाचक रिब्रँडिंगपेक्षा भारी.

तर ते तुझं बसपासचं ॲप आहे ना, या शनिवारी शेजारच्या काकूंच्या हातात दे आणि तू गप्प बस, "तिथे टॅप करा" वगैरे अजिबात नाही. "हे काय गं?" त्या कुठेकुठे म्हणाल्या तेवढं लिहून मला पाठव.