टॉर्क रेंच घेऊन राहिला? मंग हे पाय

भाऊ, वर्कशॉप टाकून राहिला तर टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच नट आवळाचा पाना) पायजेच, पण एकाच रेंचवर सगळं भागवतो म्हणशील तर नाई जमत. कारच्या चाकाचे नट बहुतेक १०० ते १२० न्यूटन मीटरवर (हे आवळाच्या जोराचं माप) बसतात, त्याले अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा ४० ते २०० न्यूटन मीटरवाला क्लिक टाइप घे, जोर पुरा झाला का क्लिक वाजते, बाइकच्या ऑइल काढाच्या ड्रेन बोल्टले मात्र लहान रेंचच लागते, नाईतर आटे गेले समज.

- कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (रेंच बरोबर मोजते का ते तपासल्याचा कागद) मागजो, लावलेला आकडा अन् खरा जोर यातला फरक ४ टक्क्यांच्या आत, टॉर्क रेंचचं मानक आयएसओ ६७८९.
- नट खोलाले वापरू नको, त्याले साधा पाना हाय नं.
- क्लिक झालं का थांब! लोकं वरून अजून एक झटका देतात, मंग रेंच घेतला कायले?
- काम झालं का सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव.

डिजिटल सध्या राहू दे.