गावच्या रस्त्यात सोलर पॅनल बसवावीत का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावातला 1 किलोमीटरचा रस्ता नव्याने करायचा आहे. एका पुरवठादाराने सुचवलंय की डांबराऐवजी सोलर पॅनलचाच रस्ता करा, पथदिव्यांचं बिल कायमचं मिटेल. ग्रामसभेत ठराव मांडावा का, असं तुम्ही विचारलंय. मी गेली अकरा वर्षं छतावरचे सोलर संच बसवतो आहे. माझं मत सरळ आहे: हा ठराव मांडू नका.

असा रस्ता फ्रान्सने मोठ्या हौसेने करून पाहिलाय. नॉर्मंडीत तुरूव्र नावाचं छोटं गाव आहे. तिथे डिसेंबर 2016 मध्ये पर्यावरणमंत्री सेगोलेन रोयाल यांच्या हस्ते बरोबर 1 किलोमीटरच्या सोलर रस्त्याचं उद्घाटन झालं. काम कोलास या रस्तेबांधणीत मुरलेल्या कंपनीचं. 2,800 चौरस मीटर पॅनल, क्षमता 420 किलोवॅट, खर्च 50 लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने 35 कोटी रुपयांच्या आसपास. वर्षाला 2 लाख 80 हजार युनिट मिळतील असा अंदाज होता. 2017 मध्ये मिळाली साधारण दीड लाख. 2018 मध्ये 78 हजार. 2019 च्या पहिल्या सात महिन्यांत 38 हजार.

नॉर्मंडीत ऊन कमी, हे खरंच आहे. तरी तिथल्याच छतावर नीट कलून बसवलेला 1 किलोवॅटचा संच वर्षाला साधारण हजार युनिट देतो. म्हणजे त्या रस्त्याने सगळ्यात चांगल्या वर्षात जेवढी वीज दिली, तेवढी दीडशे किलोवॅटच्या छताने दिली असती.

असं का झालं, हे नीट समजून घ्या, कारण ग्रामसभेत तुम्हाला हेच विचारतील. पॅनल रस्त्यात सपाट पडलेलं असतं. आपल्याकडे दक्षिणेकडे 15 ते 20 अंश कल देतो, तेवढ्या कलावर पावसाचं पाणी धूळ घेऊन खाली जातं. सपाट पॅनलवर ती तिथेच वाळते. मग उष्णता. पॅनलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे वीज साधारण 0.4 टक्क्याने घटते. छतावर पॅनलखालून वारा फिरतो, तरी एप्रिल-मेमध्ये ते हाताला चटका देतं. रस्त्यात खालून वाराच नाही. वर गाड्या घसरू नयेत म्हणून खरखरीत थर द्यावा लागतो, तो थोडा उजेड अडवतो आणि मळ धरून ठेवतो.

सावलीचं लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. पॅनलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. ठिबकच्या नळीला एका जागी पीळ पडला की पुढची सगळी ओळ कोरडी राहते, तसंच काहीसं इथे होतं. एका उभ्या गाडीची, एका झाडाच्या फांदीची सावली त्या गाडीपुरती किंवा फांदीपुरती राहत नाही. तुरूव्रला कडेच्या झाडांची पानं पडून पॅनलवरच कुजली. ट्रॅक्टरच्या वजनाने पॅनल तडकली, सांधे उखडले. 2018 मध्ये जवळपास 100 मीटरचा तुकडा दुरुस्तीपलीकडे गेला म्हणून काढून टाकावा लागला. त्यावरून जाताना चाकांचा आवाज इतका व्हायचा की वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटरवर आणावी लागली.

तिथे ट्रॅक्टरने ही गत झाली. ताई, तुमच्या रस्त्यावरून कारखान्याला ऊस जातो, असं तुम्हीच लिहिलंय. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या, चाकांना रानातला चिखल, मागे सांडणारं पाचट. आणि गाळप हंगाम नेमका दिवाळीनंतर ते मार्च, म्हणजे आभाळ निरभ्र असतं आणि पॅनलने भरभरून वीज द्यायची तेच महिने. रस्ता नेमका तेव्हाच झाकलेला असेल. शिवाय उद्या नळयोजनेची पाइपलाइन फुटली तर रस्ता खोदणार कसा?

धुळीचा फटका मी स्वतः मोजलाय. आमच्या घराच्या गच्चीवर 3 किलोवॅटचा संच आहे, रोज 12 युनिटच्या आसपास देणारा. समोरच्या रस्त्यावर मुरूम पसरला तेव्हा दोन आठवड्यांत आकडा साडेनऊवर आला. पाण्याने धुतला, दुसऱ्या दिवशी परत 12. हे दुसऱ्या मजल्यावर. चाकाखाली काय होईल याची कल्पना करा.

इतर ठिकाणीही अडचणी आल्या. नेदरलँड्समध्ये क्रोमेनी इथे 2014 मध्ये 70 मीटरची सायकलवाट केली, तिचा वरचा थर पहिल्याच हिवाळ्यात सुटायला लागला. चीनमध्ये जिनानला 2017 च्या अखेरीस असा रस्ता सुरू झाला, तर आठवड्याभरातच पॅनलचा तुकडा चोरीला गेल्याच्या बातम्या आल्या.

जागा वाचवायची कल्पना मात्र मला मनापासून आवडते. पॅनल चाकांखाली न घालता चाकांच्या वर न्या, की तीच कल्पना चालते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासण इथे 2012 मध्ये नर्मदेच्या कालव्यावर 750 मीटर लांब पॅनलचं छत घातलं, 1 मेगावॅटचं. दक्षिण कोरियात देजॉन ते सेजोंग महामार्गाच्या मधोमध सायकलवाट आहे, तिच्यावर पॅनलची सावली धरलीय. लोखंडी सांगाड्याचा खर्च वाढतो, पण पॅनलला कल मिळतो, खालून वारा मिळतो आणि धुवायला माणूस पोहोचतो.

तुमच्या गावात तर सांगाड्याचाही मोठा खर्च नको. ग्रामपंचायतीचं छत आहे, शाळेचं आहे, पाण्याच्या टाकीशेजारची मोकळी जागा आहे. पथदिव्यांबरोबर पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिलही बघा, बहुतेक गावांत तेच जास्त जड असतं. आपल्याकडे 1 किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो, हे धरून हिशेब करा. महिन्याला दोन्ही मिळून 1,200 युनिट लागत असतील तर 10 किलोवॅट पुरेल, त्याला साधारण 50 ते 60 चौरस मीटर पॅनल लागतील. दिवे रात्री लागतात आणि वीज दिवसा बनते, म्हणून नेट मीटरिंगबद्दल (दिवसा जास्तीची वीज लाइनला द्यायची आणि ती बिलातून वजा करून घ्यायची, ही सोय) महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रस्त्यातली पॅनल वर्षभरात बंद पडली तर गावात पुढची दहा वर्षं सोलरचं नाव काढलं की लोक पाठ फिरवतील. एका गावात निकृष्ट सोलर दिव्यांमुळे हे झालेलं मी पाहिलंय. नंतर चांगली योजना घेऊन गेलो तर कोणी ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

रस्ता चांगल्या खडी-डांबराचा किंवा काँक्रीटचा करून घ्या. मागच्या बारा महिन्यांची दोन्ही बिलं आणि छतांची मापं इथे टाका, दुपारी बारा वाजता कुठे कसली सावली पडते तेही लिहा. किती किलोवॅट बसेल ते मी मांडून देतो.