सल्ला कामगार कायद्याचा : बोनस कोणाला, किती आणि केव्हा?

दिवाळीनंतर आमच्याकडे येणाऱ्या टपालात बोनसची पत्रे दरवर्षीच असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आणि १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम तीत विलीन झाला. त्यामुळे यंदाच्या काही पत्रांत ‘जुना कायदा गेला, तर बोनसही गेला का?’ अशी धास्ती दिसते. ती अनाठायी आहे. किमान ८.३३ आणि कमाल २० टक्क्यांचा दर, वर्षभरात निदान तीस दिवस काम केल्याची अट आणि आस्थापनेत वीस माणसे असण्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी नव्या संहितेतही कायम आहेत.

प्रश्न : चोपडा तालुक्यातील एका जिनमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) मी नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे चार महिने काम केले. यंदाच्या हंगामात मी दुसरीकडे लागलो. जुन्या शेठजींकडे बोनस मागितला, तर ते म्हणाले की दिवाळीला जो कामावर हजर असतो त्यालाच बोनस मिळतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. कायद्यात दिवाळीचा उल्लेखच नाही. बोनस हिशेबी वर्षाचा असतो आणि ते वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो. आपल्याकडील बहुतेक कारखान्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे २०२४-२५ च्या बोनसची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संपली. दिवाळी या मुदतीच्या आतच येत असल्यामुळे मालक त्या सणाला पैसे वाटतात आणि पुढे ही सोयच नियम असल्यासारखी सांगितली जाते. वाटपाच्या दिवशी तुम्ही त्या जिनमध्ये होता की नव्हता याला महत्त्व नाही. त्या वर्षात तुम्ही निदान तीस कामाचे दिवस भरले होते का, एवढेच पाहायचे असते. पगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी काढलेले दिवस, ले-ऑफचे (काम नसल्यामुळे मालकाने घरी बसवलेले) दिवस आणि प्रसूती रजा हे सारे त्या दिवसांत धरले जाते.

त्या वर्षासाठी महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार पात्र होते. रकमेचा हिशेब मात्र पूर्ण वेतनावर होतोच असे नाही. ७,००० रुपये किंवा त्या उद्योगासाठी ठरलेले किमान वेतन, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापर्यंतचेच वेतन हिशेबात येते. समजा, तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १४,००० रुपये होते आणि किमान वेतन १२,५०० रुपये होते, तर चार महिन्यांचे ५०,००० रुपये धरून किमान दराने ४,१६५ रुपये होतात. जादा कामाचा मोबदला आणि घरभाडे भत्ता यांत मिळवायचा नाही.

खरी अडचण पुराव्याची आहे. आपल्याकडच्या जिनमध्ये मुकादमामार्फत टोळी येते, मजुरी मुकादमाच्या हाती जाते आणि हजेरीपटावर निम्मी नावे नसतात. तुमच्याकडे हजेरी कार्ड, पगाराची पावती किंवा बँकेच्या पासबुकातील नोंदी असतील, तर त्यांच्या प्रती जोडून शेठजींना रजिस्टर पोस्टाने मागणीपत्र पाठवा. उत्तर न आल्यास जळगावच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. या कामात आळस नको, कारण वेळ जाईल तसतसे साक्ष देऊ शकणारे सोबतीही पांगत जातात.

प्रश्न : धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात तीसेक कामगार आहेत. गेली अनेक वर्षे दिवाळीला एक पगार मिळत असे. यंदा मालकांनी तोटा झाल्याचे सांगून मिठाईचा पुडा आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन बोळवण केली.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे हक्क एकत्र आले आहेत. पहिला कायद्याचा आहे : जुन्या, चालू कारखान्याला तोटा झाला तरी ८.३३ टक्के बोनस चुकत नाही. हा आकडा म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, अर्थात सुमारे एक महिन्याचे वेतन. तोट्याचे कारण त्याहून जास्त बोनस नाकारायला चालते. मिठाई आणि घड्याळ ही भेट झाली, ती बोनसमधून वजा करता येणार नाही. सणापूर्वी रोख उचल बोनस म्हणून दिली असेल, तर ती मात्र वळती करता येते.

दुसरा हक्क प्रथेचा आहे. सणानिमित्तची रक्कम ही निव्वळ मर्जी की बंधनकारक प्रथा, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ग्रॅहम ट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात घालून दिले. रक्कम पुरेशा दीर्घ काळ, खंड न पडता, एकाच दराने आणि तोट्याच्या वर्षीही दिली गेली असली पाहिजे. तुम्हाला मिळणारा पगार कायद्याच्या बोनसखेरीज असे का, आणि तोट्याच्या वर्षीही तो मिळाला का, हे पत्रात नाही. दोन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तर प्रथेचा दावा भक्कम आहे. जुन्या वर्षांच्या पावत्या जमवून मगच युनियनमार्फत पुढे जा.

प्रश्न : जळगावच्या सराफ बाजारात आमची पेढी आहे आणि कायम नोकर चौदा आहेत. आम्हाला बोनस लागू होतो का?

उत्तर : चौदा असतील तर सक्ती नाही. मात्र मोजणी वर्षातील कोणत्याही एका दिवसाची होते. धनत्रयोदशीला किंवा आखाजीला (अक्षय तृतीयेला) वाढीव माणसे घेतल्यामुळे एखाद्या दिवशी संख्या वीसवर गेली, तरी आस्थापना कक्षेत येते. भुसावळला शाखा असल्यास सामान्यतः तेथील नोकरही याच मोजणीत धरावे लागतात. आणि नेमणूकपत्रात बोनस लिहून दिला असेल, तर संख्या कितीही असो, शब्द पाळणे भाग आहे.

प्रश्न : माझा भाऊ भुसावळला रेल्वेत आहे, त्याला ७८ दिवसांचा बोनस मिळाला. मी जळगावच्या पाइप कारखान्यात ठेकेदाराकडून काम करतो, मला काहीच नाही. मुकादम सांगतो, साहेबांशी भांडलास म्हणून बोनस बंद.

उत्तर : भावाचा बोनस उत्पादकतेशी निगडित असून तो केंद्र सरकारच्या निर्णयाने मिळतो, त्याच्याशी तुलना करून उपयोग नाही. तुमचा बोनस देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची आहे, आणि त्याने तो दिला नाही तर वेतन संहितेनुसार ज्या आस्थापनेत तुम्ही काम करता तिच्या मालकावर ती येते. म्हणून मागणीपत्र दोघांच्याही नावे लिहा. भांडणाविषयी सांगायचे तर, फसवणूक, चोरी, अफरातफर, मालमत्तेची मुद्दाम नासधूस किंवा आवारात दंगा-मारामारी अशा कारणांवरून बडतर्फी झाली, तरच बोनसचा हक्क जातो. नव्या संहितेने त्यांत लैंगिक छळाबद्दलच्या दोषसिद्धीची भर घातली आहे. तुम्ही अजून कामावर आहात, म्हणजे बडतर्फी झालेलीच नाही, आणि साहेबांशी झालेली बाचाबाची या यादीत बसत नाही.